विमा कंपनी परदेशात बुडाली, तर नागपूरच्या माणसानं कोणत्या कोर्टाची पायरी चढायची?

प्रति,
मा. केंद्रीय वित्त आणि कंपनी व्यवहार मंत्री, नवी दिल्ली
मा. अध्यक्ष, भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरण, हैदराबाद

स. न. वि. वि.

मागच्या पावसाळ्यात एका संध्याकाळी आमच्या गल्लीतल्या एक बाई प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं पाकीट घेऊन घरी आल्या. त्यांचे यजमान बरीच वर्षं युरोपात इंजिनिअर होते. तिथे अपघात झाला, कमरेखालचं शरीर गेलं आणि दोघं नागपूरला परत आले. ज्या विमा कंपनीची पॉलिसी होती ती त्यांच्या नोकरीच्या देशातली नव्हती, तिसऱ्याच देशातली होती. दोन-अडीच वर्षं दरमहा पैसे येत राहिले आणि मग थांबले. त्यानंतर हे पाकीट आलं.

आत सात पानं होती. कंपनी दिवाळखोरीत निघाली आहे, अमुक न्यायालयाने अवसायक, म्हणजे कंपनी गुंडाळून तिची देणी भागवणारा अधिकारी, नेमला आहे, आपला दावा अमुक तारखेच्या आत दाखल करा. पहिल्या पानाच्या माथ्यावर एकच वाक्य चोवीस भाषांत छापलेलं होतं: 'दावा दाखल करण्याचे आवाहन, मुदती पाळाव्यात'. युरोपियन युनियनचा कायदाच तसा आहे. विमा कंपनी बुडाली की तिच्या देणेकऱ्यांना पाठवायच्या सूचनेवर हा मथळा युनियनच्या प्रत्येक अधिकृत भाषेत असलाच पाहिजे. बाईंनी त्या चोवीस ओळींवरून सावकाश बोट फिरवलं आणि विचारलं, "यात आपली नाही ना जी?"

पत्र टपालात पडल्यापासून नागपूरला पोचेपर्यंत चोवीस दिवस गेले होते. मुदतीचे नऊ उरले होते. त्या नऊ दिवसांत डॉक्टरांचे कागद, त्यांचं भाषांतर, नोटरी, मुंबईच्या मंत्रालयातला शिक्का आणि वर परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणूनचा दाखला, असं सगळं हवं होतं. मी एकतीस वर्षं एका सरकारी जनरल इन्शुरन्स कंपनीच्या नागपूर कार्यालयात क्लेम विभागात काढली. फॉर्म कसा भरायचा ते मला कळतं. तरीही माझा हात थबकला, कारण हा कागद हातात धरून आपल्या देशातल्या कोणत्या दारात उभं राहायचं, ते मला सांगता येईना. तेव्हापासून हे पत्र डोक्यात आहे.

महोदय, तुमच्याकडे मागणं एकच आहे. सीमापार नादारीचे, म्हणजे एकाहून जास्त देशांत पसरलेली कंपनी बुडाली तर काय करायचं याचे, नियम लिहायला तुम्ही बसला आहात, तर त्यात विमा कंपन्यांची जागा रिकामी सोडू नका.

विमा कंपनी बुडण्याचा प्रकार कापड गिरणी किंवा विमान कंपनी बुडण्यापेक्षा वेगळा का, ते थोडं उलगडून सांगतो. गिरणीच्या देणेकऱ्याला आपलं किती येणं आहे ते ठाऊक असतं, त्याच्या हातात बिल असतं. विमा कंपनीचे अर्धे देणेकरी असे असतात की आपण देणेकरी आहोत हे त्यांनाच अजून माहीत नसतं. ज्या घराला पुढच्या वर्षी आग लागणार आहे, त्याचा मालक आज निवांत झोपलेला असतो. ॲस्बेस्टॉसच्या धुळीत काम केलेल्या माणसाला फुप्फुसाचा आजार वीस-तीस वर्षांनी उघडा पडतो, आणि त्याचा दावा त्या जुन्या पॉलिसीवरच येतो. शिवाय पॉलिसी म्हणजे नुसते पैसे नसतात. साठीला टेकलेल्या, साखर आणि रक्तदाब असलेल्या माणसाची आरोग्य पॉलिसी बंद पडली, तर भरलेला हप्ता परत देऊन त्याचं भागत नाही. त्याला नवी पॉलिसी देतो कोण? त्याला दुसऱ्या कंपनीने जसंच्या तसं सांभाळून घ्यावं लागतं, आणि ते काम अवसायकाला दोन-चार आठवड्यांत करावं लागतं. अशा वेळी कंपनीचा पैसा एका देशात, पुस्तकं दुसऱ्या देशात आणि पॉलिसीधारक तिसऱ्या देशात असले, आणि तिथली न्यायालयं एकमेकांशी बोलत नसली, तर या माणसाची पॉलिसी तेवढ्या वेळात वाचणं कठीण आहे.

आता 'हा सगळा साहेबलोकांच्या देशातला प्रश्न, विदर्भाला काय त्याचं' असं कुणी म्हणेल. त्यांच्यासाठी माझ्या टेबलावरची एक फाइल सांगतो.

नव्वदच्या दशकात वर्धा जिल्ह्यातल्या एका जिनिंग-प्रेसिंगला आग लागली. हंगाम भरात होता, आवारात रुईच्या गाठी थप्पीने रचलेल्या. कापसाची आग ज्याने पाहिली त्यालाच ती कळते. वरून विझलेली दिसते, बंब परत जातात, आणि तिसऱ्या दिवशी गाठीची पट्टी तोडली की आत लालबुंद निखारा असतो. आम्ही आणि सर्व्हेअर एकेक गाठ उघडत आठवडाभर त्या आवारात होतो. पाण्याने फुगलेल्या सरकीचा आंबूस वास कपड्यांना महिनाभर येत होता. क्लेम मोठा होता. आमच्या कंपनीने जोखमीचा बराच भाग 'फॅक'वर, म्हणजे त्या एका जोखमीपुरता पुनर्विमा घेऊन, बाहेर दिलेला होता. त्यातला एक हिस्सा एका परदेशी कंपनीच्या नावावर होता.

जिनिंगवाल्याला त्याचे पैसे मिळाले. तो करार आमच्याशी होता, पुनर्विमा कंपनीशी त्याचा संबंध नव्हता, आणि आमची कंपनी भक्कम होती. पण आम्ही मुख्य कार्यालयामार्फत रिकव्हरी मागायला गेलो, तेव्हा ती परदेशी कंपनी तिथल्या न्यायालयाच्या ताब्यात गेलेली होती. पुढची नऊ वर्षं दर मार्चअखेरीला मी त्या येण्याची नोंद पुढच्या वर्षात ओढत होतो. शेवटी रुपयाला सतरा पैसे आले. आमच्या कार्यालयातल्या एका तरुण पोराने तेव्हा विचारलं होतं, "साहेब, आपल्या जागी लहान कंपनी असती तं?" लहान कंपनी असती तर तो खड्डा तिच्याच अंगावर आला असता, आणि तिच्याबरोबर त्या जिनिंगवाल्याच्याही.

आज हा धागा कितीतरी लांब गेला आहे. आमच्या कापूस-सोयाबीनच्या पीकविम्याची जोखीमसुद्धा विमा कंपन्या स्वतःकडे सगळी ठेवत नाहीत. तिचा काही भाग जीआयसी या सरकारी पुनर्विमा कंपनीकडे आणि काही परदेशी पुनर्विमा कंपन्यांकडे जातो. यवतमाळच्या शेतकऱ्याच्या पंचनाम्याचा शेवटचा कागद युरोपातल्या एखाद्या मोठ्या शहरात जाऊन पडतो. यात वावगं काही नाही. गारपीट विदर्भात झाली तर तिचा भार जगभर वाटला जावा, हीच पुनर्विम्याची खरी किमया आहे. पण भार वाटून घेणारा मध्येच कोसळला तर काय, याची लेखी तजवीज हवी.

आपला कायदा काय म्हणतो ते तुम्हाला मी सांगावं असं नाही, पण हे पत्र इतरही वाचतील म्हणून लिहितो. नादारी आणि दिवाळखोरी संहिता, २०१६ वित्तीय सेवा देणाऱ्या कंपन्यांना मुळातच बाहेर ठेवते. कलम २२७ खाली सरकार अधिसूचना काढून त्यांना आत घेऊ शकतं. नोव्हेंबर २०१९मध्ये पाचशे कोटी किंवा त्याहून जास्त मालमत्तेच्या एनबीएफसींसाठी, म्हणजे बँक नसलेल्या वित्त कंपन्यांसाठी, ते झालं आणि त्याच वाटेने डीएचएफएल या गृहकर्ज कंपनीचं प्रकरण गेलं. विमा कंपन्यांसाठी तशी अधिसूचना निघालेली नाही. त्यांच्यासाठी उरतो तो १९३८चा विमा कायदा. त्यात प्रशासक नेमता येतो, कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडून कंपनी गुंडाळता येते. प्रश्न देशातल्या देशात असेल तर ही हत्यारं चालतात. सहारा इंडिया लाइफवर २०१७मध्ये प्राधिकरणाने प्रशासक नेमला, तो याच कायद्याखाली. पण परदेशी न्यायालयाने नेमलेला अवसायक मुंबईत येऊन उभा राहिला तर त्याला ओळखायचं का, किंवा आपल्या अवसायकाने लंडनला जाऊन कोणता कागद दाखवायचा, यावर त्या कायद्यात एक ओळ नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ४४अ आहे, पण ते ठरावीक देशांतल्या पैशाच्या हुकूमनाम्यांपुरतं. कंपनी गुंडाळण्याचा आदेश त्यात बसत नाही.

संहितेतली कलमं २३४ आणि २३५ परदेशाशी करार करून विनंतीपत्र पाठवण्याची वाट दाखवतात. पण विमा कंपनी संहितेतच नाही, तर ती वाट तिला काय कामाची? २०१७च्या एफआरडीआय, म्हणजे बुडत्या वित्तसंस्थांच्या निराकरणाच्या, विधेयकात बँकांबरोबर विमा कंपन्यांच्या निराकरणाचीही व्यवस्था होती. ठेवीदारांच्या पैशाला हात लावण्याच्या कलमावरून देशभर रान पेटलं, ते रास्तच होतं, आणि ऑगस्ट २०१८मध्ये विधेयक मागे घेतलं गेलं. सुक्याबरोबर ओलंही जळालं. बँकेतल्या ठेवीला निदान पाच लाखांपर्यंत विम्याचं कवच आहे. विमा कंपनीच बुडाली तर पॉलिसीधारकाला तसं कवच नाही.

ऑगस्ट २०२५मध्ये लोकसभेत मांडलेल्या संहितेच्या सुधारणा विधेयकात सीमापार नादारीचे नियम करण्याचा अधिकार केंद्राला देणारी तरतूद आली, तेव्हा मला मनापासून आनंद झाला. त्याच वर्षी विमा क्षेत्रात शंभर टक्के परदेशी गुंतवणुकीचा दरवाजाही उघडला. दोन गोष्टी एकाच वर्षी झाल्या, पण त्या एकमेकींना भेटलेल्या नाहीत. माझी भीती अशी की नियम लिहिताना अनसिट्रल या संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाचा १९९७चा नमुना कायदा समोर घेतला जाईल, आणि त्यातली एक मुभा जशीच्या तशी उचलली जाईल. बँका आणि विमा कंपन्या यांना वगळायचं तर वगळा, असं तो नमुना सांगतो. कारण त्यांच्यासाठी त्या त्या देशात वेगळी व्यवस्था असते असं गृहीत आहे. अमेरिकेत ती राज्याराज्यांच्या कायद्यात आहे, युरोपात 'सॉल्व्हन्सी टू' या विमा कंपन्यांसाठीच्या निर्देशात आहे. आपल्याकडे वेगळी व्यवस्थाच नाही. मग वगळणं म्हणजे उघड्यावर सोडणं.

न्यायालयांनी एकमेकांना हात दिला तर काय घडतं, याचं उदाहरण माझ्या पिढीच्या विमेवाल्यांना चांगलं आठवतं. मार्च २००१मध्ये ऑस्ट्रेलियाचा एचआयएच हा विमा समूह कोसळला. तूट ५.३ अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत जाईल असा अंदाज होता. समूहातल्या चार कंपन्यांची काही मालमत्ता इंग्लंडमध्ये होती, मुख्यतः लंडनच्या बाजारात घेतलेल्या पुनर्विम्याचं येणं. ऑस्ट्रेलियाच्या कायद्यात अशा पैशावर विम्याच्या देणेकऱ्यांचा पहिला हक्क. इंग्लंडच्या त्या वेळच्या कायद्यात तो सगळ्या देणेकऱ्यांत सारख्या प्रमाणात वाटायचा. न्यू साउथ वेल्सच्या सर्वोच्च न्यायालयाने लंडनच्या न्यायालयाला विनंतीपत्र लिहिलं की ही मालमत्ता आमच्या अवसायकाकडे पाठवा. पहिल्या न्यायाधीशांनी नाही म्हटलं, अपील न्यायालयाने नाही म्हटलं. एप्रिल २००८मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने हो म्हटलं. कंपनी तिथली, पॉलिसीधारक बहुतांशी तिथले, तर पैसा तिथल्या नियमाने वाटला जावा.

या निकालातलं घोडं कुठं पेंड खातं ते मात्र बघा. पाचही लॉर्ड निकालावर एकमत होते, कारणांवर नव्हते. लॉर्ड हॉफमन यांच्या मते न्यायालयाकडे मुळातच असं सहकार्य करण्याचा अधिकार आहे. लॉर्ड स्कॉट आणि लॉर्ड न्यूबर्गर यांनी सांगितलं की हे केवळ १९८६च्या इन्सॉल्व्हन्सी ॲक्टच्या कलम ४२६मुळे शक्य झालं. त्या कलमाखाली ब्रिटनने ठरावीक देशांची यादी केली आहे. ऑस्ट्रेलिया त्या यादीत आहे, कॅनडा आहे, हाँगकाँग आहे, मलेशिया आहे. भारत नाही. पुढे २०१२च्या रूबिन निकालात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने नुसत्या न्यायतत्त्वावर चालणाऱ्या सहकार्याला आणखी लगाम घातला. म्हणजे उद्या आपला अवसायक लंडनला गेला, तर ज्या दाराने ऑस्ट्रेलियाचा माणूस आत गेला ते दार त्याला नाही. त्या यादीत भारताचं नाव यावं म्हणून परराष्ट्र मंत्रालयामार्फत आजपर्यंत काय पत्रव्यवहार झाला, ते जनतेला सांगा. झाला नसेल तर आता सुरू करा. विम्याचा बाजार जिथे लंडनभोवती फिरतो, तिथे हे नाव असणं व्यापार कराराइतकंच मोलाचं आहे.

हा धडा आपल्याला आजच मिळतो आहे असंही नाही. १८६९मध्ये लंडनची अल्बर्ट लाइफ ॲश्युरन्स बुडाली, पाठोपाठ युरोपियन ॲश्युरन्सही गेली. दोघींचे पॉलिसीधारक हिंदुस्थानात होते. निवाडा लंडनमध्ये, खास कायदा करून नेमलेल्या लवादापुढे झाला. इथल्या विधवेने तिथे कुणाला गाठायचं होतं? त्या धक्क्यातूनच मुंबईत १८७४मध्ये ओरिएंटल ही आयुर्विमा कंपनी उभी राहिली. पुढे देशी कंपन्यांतही घोटाळे झाले, भारत इन्शुरन्सचा पैसा उद्योगपती दालमियांनी सट्ट्यात घातला, आणि १९५६मध्ये आयुर्विम्याचं राष्ट्रीयीकरण झालं. त्यानंतर दोन पिढ्यांना 'विमा कंपनी बुडते' ही कल्पनाच उरली नाही. माझ्या मते आपल्या कायद्यातली ही पोकळी त्या निर्धास्तपणातून आली आहे. आता बाजार उघडलेला आहे. तो उघडल्याला माझा विरोध नाही. पण १८६९चा प्रश्न त्याच्याबरोबर परत आला आहे.

काही मित्र म्हणतात, सोपं आहे, परदेशी कंपनीचं जे भारतात आहे ते इथेच जप्त करून ठेवावं. मला ते पटत नाही. आपली न्यू इंडिया ही सरकारी विमा कंपनी जपानपासून ब्रिटनपर्यंत अनेक देशांत काम करते, जीआयसी परदेशी कंपन्यांची जोखीम घेते. आपण पहिल्यांदा झडप घातली तर उद्या आपल्या पैशावर तिकडे झडप पडेल. अमेरिकेने मधली वाट काढली आहे. परदेशी विमा कंपनीच्या अवसायकाला तिथल्या दिवाळखोरी कायद्याच्या पंधराव्या प्रकरणाखाली मान्यता मागता येते, पण अमेरिकी पॉलिसीधारकांसाठी राज्याच्या कायद्याने ठेवलेली ठेव किंवा विश्वस्त निधी यांना कोर्टाला हात लावता येत नाही. आपल्याकडेही याचा अर्धा पाया तयार आहे. पॉलिसीधारकांचा पैसा भारताबाहेर गुंतवायला विमा कायद्याने बंदी आहे, आणि आयुर्विम्याचा निधी कायद्याने फक्त आयुर्विमाधारकांचं तारण आहे. जनरल इन्शुरन्सला आणि परदेशी पुनर्विमा कंपन्यांच्या इथल्या शाखांना तसंच कुंपण घाला. शाखा म्हणजे वेगळी कंपनी नव्हे. मूळ कंपनी तिकडे गुंडाळली की शाखाही गुंडाळली. म्हणून शाखेच्या इथल्या मालमत्तेतून आधी इथल्या पॉलिसीधारकांचं आणि इथल्या विमा कंपन्यांचं भागावं, आणि उरलेला पैसा सन्मानाने मूळ देशाच्या न्यायालयाकडे जावा, असं नियमात उघड लिहा.

आपली न्यायालयं हे करू शकतात, याची मला खात्री आहे. जेट एअरवेजच्या वेळी काय झालं? २०१९मध्ये नेदरलँड्सच्या न्यायालयाने तिथे दिवाळखोरी जाहीर केली, ॲमस्टरडॅमला विमान अडकलेलं होतं. मुंबईच्या न्यायाधिकरणाने आधी ती डच कारवाई ओळखायलाच नकार दिला. पण तीन महिन्यांत, सप्टेंबरमध्ये, अपील न्यायाधिकरणाने भारतीय आणि डच प्रशासकांमधला सहकार्याचा करारनामा मान्य केला. कायद्यात तयार वाट नसताना दोन देशांतल्या माणसांनी ती कागदावर आखली. विमानाच्या बाबतीत तीन महिने चालून जातात. डायलिसिसवरच्या माणसाची पॉलिसी तीन महिने अधांतरी राहू शकत नाही. २०१६मध्ये सिंगापूरला अनेक देशांच्या न्यायाधीशांनी एकत्र बसून न्यायालयांनी एकमेकांशी कसा संपर्क ठेवावा याची मार्गदर्शक तत्त्वं केली, आणि सिंगापूर, इंग्लंड, न्यूयॉर्क, डेलावेअर इथल्या न्यायालयांनी ती स्वीकारली. आपल्या न्यायाधिकरणालाही तसा नमुना हातात द्या, आणि विम्याच्या प्रकरणात प्राधिकरणाला पहिल्या दिवसापासून पक्षकार करा. पॉलिसी दुसऱ्या कंपनीकडे सोपवायच्या तर त्याची माहिती हैदराबादच्याच कार्यालयात आहे.

शेवटची गोष्ट आमच्या गावाची. नागपूरला उच्च न्यायालयाचं खंडपीठ आहे, कंपनी कायदा न्यायाधिकरणाचं पीठ नाही. विमा लोकपाल पुण्यात. गडचिरोलीच्या माणसाने कंपनी गुंडाळण्याच्या प्रकरणात दावा करायचा तर मुंबई, हजार किलोमीटर. हे पीठ नागपूरला यावं अशी इथल्या वकिलांची मागणी आहेच, तिला माझाही पाठिंबा आहे. ते येईपर्यंत नियमांत इतकं तरी घाला: परदेशी अवसायकाला भारतात मान्यता देताना अट असावी की सूचना मराठीसह आठव्या अनुसूचीतल्या भाषांत निघेल, दावा त्या भाषेत स्वीकारला जाईल, मुदत पत्र हातात पडल्यापासून मोजली जाईल आणि कागद जिल्ह्याच्या ठिकाणी तपासून घेता येतील. युरोपला चोवीस भाषांत एक ओळ छापता येते. आपल्या नोटांवर तर कधीपासून सतरा भाषा आहेत.

त्या बाईंचा दावा आम्ही आठव्या दिवशी कुरिअरने पाठवला, सोबत उशीर झालाच तर तो माफ व्हावा म्हणून अर्ज जोडला. पोच आली आहे, निर्णय नाही. त्या दर पंधरवड्याला विचारायला येतात, आणि मी तिकडच्या कार्यालयाला ईमेल करतो. पाकिटाची आणि पहिल्या पानाची छायाप्रत, नाव-पत्ता झाकून, या पत्रासोबत दोन्ही कार्यालयांना टपालाने पाठवत आहे. टपालाच्या शिक्क्यांवरच्या तारखा नीट दिसतील अशी घेतली आहे.

आपला,
एक निवृत्त क्लेम अधिकारी
नागपूर